शुक्रवारची रात्र कोणत्या तारखेला येते?

मी एक जुना रकाना आहे, मित्रांनो. हसलात ना? जुनं घड्याळ बोलायला लागलं, जुनी छत्री बोलायला लागली, की तुम्ही कान देऊन ऐकता. रकाना बोलू लागला की मात्र हसता. पण शाळेचा प्रवेश असो, परीक्षा असो नाहीतर रेल्वेचं तिकीट, तुम्ही फोनवर जेव्हा जेव्हा काही भरलंत, तेव्हा माझ्या भावंडांपैकी कुणीतरी तुमच्यासमोर उभं होतं. नावाचा रकाना तुम्ही पटकन भरता आणि आमच्यापाशी आलात की थबकता. आमच्या डोक्यावर ‘तारीख’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी एक लाल चांदणी असते. त्या चांदणीचा अर्थ असा, की आम्हाला रिकामं सोडून कुणालाही पुढे जाता येत नाही. या गोष्टीचा मला थोडा गर्व आहे, तो आधीच कबूल करून टाकतो.

माझा पत्ता ‘मन्सूर बिछायत केंद्र, वरोरा’. बिछायत केंद्र म्हणजे लग्नाकार्याला मंडप, कनाती, गाद्या, खुर्च्या, झुंबरं भाड्यानं देणारं दुकान. मालक मन्सूरभाई. त्यांचा सगळा कारभार भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालायचा. कुणी मंडप सांगितला की ते त्या तारखेला पेन्सिलीनं एक खूण करायचे. ती खूण गोल असली तर मंडप, चौकोनी असली तर नुसत्या खुर्च्या, आणि शेपटी काढलेली असली तर दोन्ही. ही लिपी साऱ्या वरोऱ्यात एकट्या मन्सूरभाईंना वाचता यायची. ते आजारी पडले की धंदाही आजारी पडायचा.

त्यांची मुलगी फरहत चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकून आली आणि तिनं ठरवलं, की दुकानाची वेबसाइट करायची. लोकांनी घरबसल्या मंडप सांगायचा. मग तिनं आम्हा भावंडांना घडवलं. पहिला ‘नाव’, दुसरा ‘गाव’, तिसरा ‘मोबाईल’, आणि चौथा मी, ‘कार्यक्रमाची तारीख’.

माझं बालपण फार मौजेचं गेलं. तेव्हा मी नुसता उघडा चौकोन होतो. ज्याला जे वाटेल ते त्यानं माझ्यात लिहावं. आणि लोक लिहायचे. कुणी लिहिलं, ‘तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.’ कुणी लिहिलं, ‘परवा.’ आता परवा म्हणजे होऊन गेलेला की यायचा, हे मी कुणाला विचारणार? एकानं तर लिहिलं, ‘आमच्या भाच्याचं सांगतलं होतं तेव्हाच.’ मी ते सगळं जसंच्या तसं पोटात घ्यायचो. मन्सूरभाई वाचायचे आणि कपाळाला हात लावायचे.

“फरहत, हे तारीख आहे का चिठ्ठी?” ते म्हणायचे.

मग फरहतनं कुठूनसं एक तयार कॅलेंडर आणून मला जोडलं. ते परदेशी वळणाचं होतं, आधी महिना आणि मग दिवस. एका गृहस्थांनी बारशासाठी आठ एप्रिल म्हणून 8 आणि 4 टाकले, आणि मी मोठ्या ऐटीत ऑगस्टची चार तारीख दाखवली. मन्सूरभाई म्हणाले, “तवरीक पोरगं पालथं पडाले लागन.” फरहत हसली, तिनं मला सरळ केलं. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, आपल्याकडची माणसं बोलतात तसं. होऊन गेलेली तारीख घ्यायची नाही, हेही तिनं मला शिकवलं. कारण मंगलीबाई म्हणून एक होत्या, त्यांनी माझ्यात स्वतःची जन्मतारीख भरली होती. तीस फेब्रुवारीलाही मी तेव्हापासून दारातूनच परत पाठवतो.

पुढचे दिवस माझ्या भरभराटीचे होते. लग्नसराईत मी दिवसभर भरलेला असायचो. भद्रावती, मोहर्ली, माढेळी, कुठून कुठून लोक मला उघडायचे. माझ्यात तारीख पडली, की मंडप उभारणारे मिस्त्री वारलूभाऊ यांच्या फोनवर आपोआप निरोप जायचा, कोणता माल, कोणतं गाव, कोणती तारीख. वारलूभाऊ निरोपाबाहेर एक खिळाही ठोकत नसत. मन्सूरभाई दुकानात आलेल्याला चहा आधी आणि मला नंतर दाखवायचे. “पोरीनं बनवलं,” म्हणायचे. मी अगदी फुगून जायचो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

वरोऱ्याजवळच्या एका खेड्यात गुणवंतराव आणि रंभाबाई राहतात. त्यांची मुलगी उर्वशी, तिचं लग्न ठरलं. बारा मे, शुक्रवार, सायंकाळचा मुहूर्त. गुणवंतरावांच्या मनात एकच होतं, की मंडप मन्सूरभाईंचा मोठाच हवा, ज्याला मधोमध मोठं झुंबर आहे तो. तसा मंडप एकच आहे. त्यांनी नवा फोन घेतला होता आणि सोयाबीनचे भावही ते त्यावरच पाहत. त्यांनी मला उघडलं, मराठी अक्षरांचा कळफलक लावला आणि चष्मा सारखा करून अगदी शुद्ध लिहिलं, ‘१२’.

आणि मी लाल झालो. ‘कृपया योग्य तारीख भरा,’ असं माझ्या खाली उमटलं.

मित्रांनो, माझ्यावर रागावू नका. मला इंग्रजी आकडेच शिकवले होते. मराठीतला एक आणि दोन माझ्या लेखी वेलबुट्टी होती. गुणवंतरावांनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा लाल. तिसऱ्यांदा त्यांनी फोन पलंगावर टाकला.

“बाराले बारा नाई म्हणत हा,” ते रंभाबाईंना म्हणाले. “याच्यासंग कोण डोकं लावन? तुम्हीच फोन करा.”

रंभाबाईंनी फोन केला तो दुकानात नव्हे, थेट घरी, कनीजबाईंना. कनीजबाई म्हणजे फरहतची आई. दोघींची ओळख जुनी. ईदेचा शीरखुर्मा तिकडे जायचा आणि दिवाळीचा चिवडा इकडे यायचा. कनीजबाई घरातल्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि त्यांनी मला उघडलं. पोरीनं बनवलेला रकाना स्वतः भरायची त्यांना भारी हौस.

“सांगा रंभाबाई, कोणता दिवस?”

“पुढच्या हप्त्यात जी. जुम्याच्या राती.”

रंभाबाईंना एरवी शुक्रवारच म्हणायची सवय. पण फोनवर कनीजबाई, तेव्हा त्यांचाच शब्द वापरावा, तेवढाच आपलेपणा, असं त्यांना वाटलं. कनीजबाईंनी मान डोलावली, मनाशी म्हणाल्या, “जुम्मे की रात,” आणि बोट ठेवलं ते अकरा तारखेवर. गुरुवारवर.

मी अकरा घेतली. मी नुसता आकडा दाखवत होतो, वार सांगत नव्हतो. कनीजबाईंनी मोहर्लीच्या मुखरूभाऊंची मागणीही त्याच बैठकीत भरली. मुखरूभाऊ ताडोब्याच्या सफारीची जिप्सी चालवतात. त्यांच्या नातीचं बारसं शुक्रवारी संध्याकाळी होतं आणि मोठा मंडप त्यांनाही हवा होता. बारा तारीख मोकळी दिसत होती. मी तीही घेतली.

गुरुवारी सकाळी वारलूभाऊंची गाडी गुणवंतरावांच्या दारात लागली. घरी हळदीची गडबड. जांभळाच्या डहाळ्या आलेल्या, बाया पाटा-वरवंटा धुऊन बसलेल्या. मंडप एक दिवस आधीच आलेला पाहून रंभाबाईंना बरंच वाटलं.

“मन्सूरभाऊची माणसं कामाची आहेत जी,” त्या म्हणाल्या. “हळदीलेच आणला.”

सगळ्यांनी झुंबराखाली हळद लावली. कुणाच्या मनात काडीची शंका आली नाही. उर्वशीनं तर मंडपात उभं राहून चार फोटो काढून घेतले.

शुक्रवारी सकाळी उर्वशी न्हाऊन आली, तर अंगणात खटखट आवाज. वारलूभाऊंचा एक माणूस शिडीवर चढून झुंबर सोडवत होता आणि दुसरा मागची कनात गुंडाळत होता. रंभाबाई हातातलं ताट तसंच घेऊन बाहेर आल्या.

“का जी वारलूभाऊ, काऊन सोडून राह्यले?”

“बाई, तुमची तारीख काल झाली,” वारलूभाऊ म्हणाले. “आता हा मोहर्लीले न्यायचा आहे.”

“काल तं हळद होती. लगन आज आहे.”

वारलूभाऊंनी फोन पुढे केला. त्यावर अकरा होती. उर्वशीनं स्वतःच्या फोनवर मला उघडून पाहिलं, तिथंही बारा तारीख मोहर्लीच्या नावानं भरलेली. म्हणून ही सगळी हकिकत मी डोळ्यांनी पाहिली आहे. मला एकाच वेळी चार जागी हजर राहता येतं, तो माझा एक गुण आहे. पण त्या दिवशी हजर नसतो तर बरं झालं असतं. दुपारपासून पाहुणे यायचे होते, संध्याकाळी वरात दारात येणार होती आणि अंगणात मंडपाचे नुसते खांब उरायची वेळ आली होती. उर्वशीचे डोळे भरून आले. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

“म्या म्हणलं होतं,” गुणवंतराव म्हणाले. “तो रकाना माणसाचं ऐकत नाई.”

रंभाबाईंनी ताट ओट्यावर ठेवलं, मधल्या खांबापाशी गेल्या आणि खांबाला पाठ लावून बसल्या.

“हा खांब न्यायचा असन तं मलेबी संग न्या,” त्या म्हणाल्या.

वारलूभाऊंची माणसं शिडीवरून खाली उतरली. निरोप पाळणाऱ्या माणसालाही कळतं, कुठं थांबायचं ते.

थोड्या वेळात मन्सूरभाई, फरहत आणि कनीजबाई तिघंही येऊन पोचले. मन्सूरभाईंचा चेहरा उतरला होता. एक मंडप, दोन घरं आणि दोन्हीकडे त्यांनी शब्द दिलेला. फरहतनं फोनवर मला उघडलं आणि वरपासून खालपर्यंत तपासलं. मी बरोबर होतो. जे भरलं तेच दाखवत होतो. त्यामुळं सगळ्यांची नजर हळूहळू कनीजबाईंकडे वळली.

“रंभाबाई,” कनीजबाई जवळ बसत म्हणाल्या, “तुम्हीच तं म्हणलं होतं, जुम्याच्या राती.”

“हो, म्हणलं. जुम्मा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारची रात आज आहे.”

“नाई बाई. जुम्याची रात काल गेली.”

रंभाबाई बोटांवर वार मोजू लागल्या.

“आमची रात आधी येते अन् दिवस मागून,” कनीजबाई म्हणाल्या. “सूरज बुडाला, मगरिबची नमाज झाली, का दुसरा दिवस लागला. गुरुवारचा सूरज बुडाला का जुम्याची रात. म्हणून तं गुरुवारले जुमेरात म्हणते.”

इतकी वर्षं दोघी एकमेकींच्या सणाला येत-जात होत्या, पण एकीची रात्र दुसरीच्या आदल्या दिवशी पडते, हे दोघींनाही कधी जाणवलं नव्हतं. जाणवण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

“म्या तुमच्यासाठी म्हणून जुम्मा म्हणलं,” रंभाबाई हळूच म्हणाल्या. “नाई तं मी शुक्रवारच म्हणतो.”

कनीजबाईंना आधी रडू आलं आणि मग हसू. रंभाबाईंनाही हसू आवरेना. एकीनं आपुलकीनं शब्द उसना घेतला, दुसरीनं तो आपल्या अर्थानं मनापासून ऐकला, आणि मधल्यामध्ये मंडप निघाला मोहर्लीला. मन्सूरभाईंना मात्र हसू येत नव्हतं. ते सारखे घड्याळाकडे पाहत होते.

कनीजबाईंनी पदर सावरला आणि स्वतःच मुखरूभाऊंना फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. पलीकडून मुखरूभाऊ बराच वेळ नुसतं “हूं, हूं” करत होते. सगळ्यांचे प्राण कानात गोळा झाले होते.

“भाभी,” मुखरूभाऊ शेवटी म्हणाले, “पोरीचं लगन आहे, तिचा मंडप काऊन सोडता? आमचं बारसं गाड्या जंगलातून वापस आल्यावर आहे. ऊन तं राहणार नाई, मंडप कायले पायजे? खुर्च्या पाठवा, पाळण्यावर लाईट पाठवा, अन् जेवणाच्या बाजूनं कनाती पाठवा. कनाती नाई विसरजा. नाई तं वानरं पहिल्या पंगतीले बसतीन.”

मन्सूरभाईंच्या जिवात जीव आला. वारलूभाऊंची माणसं पुन्हा शिडीवर चढली आणि झुंबर जागेवर गेलं. फरहतनं उर्वशीचं दार वाजवलं आणि तिला हाताला धरून बाहेर आणून झुंबर दाखवलं. संध्याकाळी उर्वशीच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या त्याच मंडपात. मोहर्लीला म्हणे बारसं चांदण्यात झालं आणि पाहुण्यांना ते इतकं आवडलं, की तिथं आता बारशाला कुणी मंडप सांगत नाही. मन्सूरभाईंना हे तितकंसं आवडलेलं नाही.

लग्न पार पडलं, पण माझे दिवस फिरले. मन्सूरभाईंनी घरी आल्याबरोबर सांगितलं, “बस झालं. भिंतीवरचं कॅलेंडर बरं.” फरहत वाद घालू शकली असती, तिनं घातला नाही. तिनं वेबसाइट बंद केली. पेन्सिल पुन्हा मन्सूरभाईंच्या कानावर जाऊन बसली.

सारा पावसाळा मी रिकामा होतो, मित्रांनो. डोक्यावर नाव, शेजारी चांदणी, आणि विचारायला कुणी नाही. रिकाम्या पिंपात निदान पाणी साचतं, रिकाम्या रकान्यात काहीच साचत नाही. मला वाटायचं, की माझं काय चुकलं? मी अकरा मागितली नव्हती. पण एक खरं, की मी उलटून विचारलंही नव्हतं.

फरहतच्या मनात नेमकं तेच आलं असावं. दुकान शांत असायचं तेव्हा ती मला उघडून बसायची. आधी तिनं मला मराठी आकडे शिकवले. १२ आणि 12 ही एकाच पोराची दोन नावं आहेत, हे कळल्यावर मला गुणवंतरावांची आठवण येऊन फार वाईट वाटलं. मग तिनं माझ्या खाली एक ओळ दिली. आता माझ्यात आकडे भरले, की मी शब्दांत बोलून दाखवतो, ‘शुक्रवार, बारा मे’. आणि त्यापुढे विचारतो, ‘दिवसा की संध्याकाळी?’ शेवटी ही सगळी ओळ मंडप सांगणाऱ्याच्या फोनवर जाते, आणि त्यानं ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय वारलूभाऊंना निरोप जात नाही. मी घडलो तेव्हा मला ऐकायला शिकवलं होतं, बोलायला मी त्या पावसाळ्यात शिकलो.

पण मला चालू कोण करणार? ते मन्सूरभाईंच्याच हातून झालं. दिवाळीनंतर ते पुतणीच्या लग्नाला सिरोंच्याला गेले. गोदावरीच्या काठावर पाहुण्यांत बसलेले, आणि वरोऱ्याहून फोनावर फोन, “मन्सूरभाऊ, अमकी तारीख खाली आहे का?” कॅलेंडर दुकानाच्या भिंतीवर आणि त्यातल्या शेपट्या कुणाला वाचता येत नाहीत. पुतणीच्या सासरचे लोक तेलुगूत बोलत होते आणि हे फोनवर घाम पुसत होते. शेवटी त्यांनी फरहतला फोन केला.

“बेटा,” ते म्हणाले, “तो रकाना जिता आहे का?”

मी जिवंत होतो. त्याच संध्याकाळी मी भरायला लागलो, आणि पहिलीच तारीख मराठी आकड्यांत आली.

तेव्हापासून कनीजबाई फोनवर कुणाचीही तारीख घेताना आधी माझी खालची ओळ मोठ्यानं वाचून दाखवतात. वाचून झाली की विचारतात, “रात कोणाची लावू, तुमची का आमची?” नवख्या माणसाला काही उमगत नाही, मग त्या त्याला सगळी गोष्ट सांगतात आणि फोन लांबतो.

माझं मागणं फार मोठं नाही, मित्रांनो. मला भरताना घाई करू नका. भरून झालं की खालची ओळ वाचा. दुसऱ्यासाठी भरत असाल, तर त्याच्या तोंडून वार वदवून घ्या. आणि तुमच्यातलं कुणी उद्या रकाने घडवणार असेल, तर माणूस ज्या आकड्यांत मोजायला शिकला, ते आकडे आधी रकान्याला शिकवा. गुणवंतराव पुन्हा पलंगावर फोन टाकता कामा नयेत.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. फरहतचा निकाह ठरला. तारीख कनीजबाईंनी स्वतः माझ्यात भरली, आणि मी माझी ओळ दाखवली, ‘गुरुवार, संध्याकाळी’. रंभाबाईंना आवतण त्यांनी फोनवर दिलं, आणि बोलण्याच्या ओघात त्यांच्या तोंडून निघून गेलं, “जुम्याच्या राती या.” फरहतला काळजी वाटली. माझी ओळ रंभाबाईंच्या फोनवर पाठवू का, असं तिनं विचारलं. कनीजबाई म्हणाल्या, “रहने दे.”

गुरुवारी ऊन उतरत होतं. वारलूभाऊ अजून खुर्च्या मांडत होते, पाहुणा एकही आलेला नव्हता. रंभाबाई फाटकातून आत आल्या, नवं लुगडं नेसून, हातात फरहतसाठी आणलेली पिशवी.

“बरोबर दिवशी आल्या,” कनीजबाई म्हणाल्या.

“म्या दोन्ही राती मोकळ्या ठेवल्या होत्या जी,” रंभाबाई म्हणाल्या. “आज नसतं तं उद्या पुन्हा आली असती.”

मित्रांनो, फरहतनं मला पुष्कळ शिकवलं, पण माझ्यात अजूनही एकच तारीख मावते. दोन मोकळ्या ठेवायचं काम तुमचं.